माउंटन बाईकिंगसाठी शांत रिसॉर्ट कसं शोधायचं, आणि शांत म्हणजे नक्की काय

बाईकसकट डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत उभं राहून पुढच्या माणसाच्या मागच्या टायरची नक्षी पाठ व्हायला लागली की समजायचं, आपण चुकीच्या आठवड्यात आलोय. माझी पहिली लिफ्टवाली ट्रिप अशीच गेली. जुलैचा शेवट, सगळ्या व्हिडिओंत दिसणारं नावाजलेलं बाईक पार्क, आणि दिवसाला जेमतेम सात रन (एकदा वर जाऊन खाली उतरलं की एक रन). पुढच्या वर्षी मी सूड उगवल्यासारखं एकदम दुसरं टोक गाठलं, छोटंसं गाव, एकच चेअरलिफ्ट, रांग शून्य. पण दुपारी साडेबाराला लिफ्टवाले लिफ्ट बंद करून जेवायला गेले ते दीडलाच उगवले, गावातलं एकुलतं एक बाईकचं दुकान सोमवारी बंद, आणि माझ्या मागच्या ब्रेकचे पॅड रविवारी संध्याकाळीच झिजून पत्र्याला टेकले होते. मग काय, सोमवारचा अख्खा दिवस हॉटेलच्या बाल्कनीत बसून मी शांतता अनुभवली. हवी होती त्याच्यापेक्षा जरा जास्तच मिळाली.

त्यानंतर बऱ्याच ट्रिपा झाल्या, काही जमल्या काही फसल्या, आणि आता कोणी विचारलं की "गर्दी नसलेली एखादी जागा सांग ना" तर मी आधी उलटा प्रश्न विचारतो, तुला नक्की कसली गर्दी नकोय? कारण चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकातच कोंबतात. लिफ्टची रांग ही एक. ट्रेलवरची (बाईकच्या डोंगरवाटेवरची) गर्दी ही दुसरी, म्हणजे मागून कोणीतरी सतत "लेफ्ट, लेफ्ट" ओरडत येतंय आणि तुम्हाला स्वतःच्या लयीत एक वळणसुद्धा घेता येत नाही. तिसरी गावातली, रात्री दोनपर्यंत खिडकीखाली चाललेला दंगा. आणि चौथी कोणाच्या लक्षातच येत नाही, ती रस्त्याची. आल्प्समध्ये घाटरस्त्यावरची गावं फोटोत इतकी गोड दिसतात की विचारू नका, आणि शनिवार-रविवारी सकाळी आठपासून तिथून मोटरसायकलींचे ताफे गर्जत जातात ते संध्याकाळपर्यंत. त्यामुळे झोप आणि शांत संध्याकाळ हवी असेल तर नकाशावर जिथे रस्ता संपतो असं खोऱ्याच्या टोकाचं गाव बघा. पलीकडे जायला घाटच नसेल तर कोणी उगाच तिथून जात नाही.

या चारपैकी तुम्हाला कुठली खुपते ते ठरवा, कारण उपाय वेगवेगळे आहेत. रात्रीचा दंगा नको असेल तर रिसॉर्ट बदलायची गरजच नाही, खालच्या गावात खोली घ्या, विषय संपला. रांग नको असेल तर मात्र जागा किंवा तारीख बदलावी लागते.

रांगेचं गणित एकदा करून बघा, डोळे उघडतात. समजा लिफ्ट ६०० मीटर वर नेते, वर जायला १२ मिनिटं, खाली यायला १८. रांग नसेल तर अर्ध्या तासाला एक रन, सहा तासांत १२. रांग २० मिनिटांची असेल तर रन ५० मिनिटांचा आणि दिवसाला सातच. पण आता उलटीकडून बघा, १२ रन म्हणजे दिवसाला ७,२०० मीटर उतार. तेवढं सहन करणारे हात फार थोड्या लोकांचे असतात, दुपारनंतर मनगटापासून कोपरापर्यंत हात असा दगड होतो की ब्रेकचं लिव्हर ओढताना बोटं ऐकत नाहीत. गर्दीच्या जागी रांग तुम्हाला सक्तीची विश्रांती देते, शांत जागी ती स्वतःहून घ्यावी लागते आणि कोणी घेत नाही. माझ्या ओळखीत जेवढे लोक पडून हाड मोडून घेतायत ते बहुतेक "चल रे एक शेवटचा रन" मध्येच पडलेत. म्हणून रिकामी लिफ्ट दिसली म्हणून वेड्यासारखं सुटू नका, पहिल्या दिवशी पाच-सहा रन पुरे.

काठावरचं गाव

आता मुख्य मुद्दा. शांत जागा म्हणजे कोणालाच माहीत नसलेली जागा असं डोक्यात असेल तर काढून टाका. कोणालाच माहीत नसलेल्या जागी बहुतेक वेळा ट्रेलही नसतात, किंवा असतात पण तीन वर्षं कोणी साफ केलेले नसतात. मला सगळ्यात जास्त वेळा कामाला आलेली युक्ती म्हणजे मोठ्या, एकमेकांना जोडलेल्या भागाच्या काठावरचं गाव पकडणं. ट्रेल मोठ्या रिसॉर्टचे, लिफ्टचा पास तोच, पण राहायला आणि दिवसाची सुरुवात करायला बाजूचं खोरं.

उदाहरणं देतो म्हणजे कल्पना येईल. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरचा पोर्त द्यु सोलेई हा भाग, १२ गावं, बहुतेक लिफ्टने जोडलेली. सगळे जातात मॉर्झिन आणि ले जे ला (ले जे मध्ये २००४ आणि २०२२ अशी दोनदा वर्ल्ड चॅम्पियनशिप झालीय, त्यामुळे नाव सगळ्यांच्या तोंडी). पण त्याच भागात पलीकडे स्विस बाजूला मॉर्जिन्स आहे, कितीतरी निवांत. फक्त बुकिंग करताना स्पेलिंग दोनदा वाचा, मॉर्झिन फ्रान्समध्ये आणि मॉर्जिन्स स्वित्झर्लंडमध्ये, नावं इतकी सारखी की मित्राने हॉटेल एका देशात आणि टॅक्सी दुसऱ्या देशात बुक केली होती, सुदैवाने निघायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं. शेजारचं शांपेरीही आहे, पण तिथला डाउनहिल ट्रॅक इतका उभा आहे की २०११ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचे व्हिडिओ पाहून मगच ठरवा.

दुसरं, फ्रान्समधलं आल्प द्युएझ. वरचं रिसॉर्ट मोठं, पण त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला वोजानी नावाचं गाव आहे, तिथून केबल कारने थेट त्याच भागात चढता येतं. ले दो आल्प या रिसॉर्टच्या खाली दरीत व्हेनोस्क, तिथूनही गोंडोला वर जाते. इटलीत पिलाचं बाईक पार्क करायचं तर वर रिसॉर्टमध्ये राहायलाच हवं असं काही नाही, गोंडोला खालच्या आओस्ता शहरातूनच निघते आणि संध्याकाळी खाली परत आलात की चक्क एका जुन्या रोमन शहरात फिरता, बाईकवाल्यांची गर्दी सोडून माणसं दिसतात. ऑस्ट्रियात सालबाख आणि लेओगांग गजबजलेलं, त्याच्याशीच जोडलेलं फीबरब्रुन त्या मानाने निवांत. कॅनडात व्हिसलर म्हणजे सगळ्यांचं तीर्थक्षेत्र, बाईक पार्क १९९९ पासून चालू आहे आणि ए-लाइन हा तिथला नावाजलेला ट्रेल एकदा तरी करावाच, नाही म्हणत नाही. पण त्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सन पीक्स आणि सिल्व्हर स्टार आहेत, दोन्हीकडे लिफ्ट, दोन्हीकडे रीतसर बाईक पार्क, आणि व्हिसलरसारखी झुंबड नाही.

अशी गावं शोधायची पद्धत सोपी आहे. मोठ्या रिसॉर्टचा उन्हाळ्याचा लिफ्ट नकाशा उघडा (उन्हाळ्याचाच, हिवाळ्याचा नाही, त्यावर पुढे बोलतो), मधलं रिसॉर्ट सोडा आणि सगळ्यात कडेच्या लिफ्ट कुठल्या गावात उतरतात ते बघा. त्या गावात लिफ्टचं खालचं स्टेशन गावातच असलं पाहिजे. गाव एकीकडे आणि लिफ्ट चार किलोमीटर चढावर असेल तर डाउनहिल बाईक घेऊन रोज सकाळी तेवढं पेडल मारताना सगळी शांतता नकोशी होते.

तारीख बदलली तरी अर्धं काम होतं

जागा तीच ठेवून आठवडा बदलणं हा बऱ्याचदा जास्त सोपा उपाय असतो. युरोपात फ्रान्सच्या शाळांना जुलै-ऑगस्ट सुट्टी, आणि इटलीत १५ ऑगस्टच्या आजूबाजूला अख्खा देश घराबाहेर पडतो, फेरागोस्तो म्हणतात त्याला. त्या दहा-पंधरा दिवसांत इटालियन रिसॉर्ट शांत मिळेल ही आशा सोडा. सगळ्यात चांगला काळ माझ्या मते सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे, हवा स्वच्छ, दुपारची वादळं कमी, हॉटेलवाल्यांना बोलायला वेळ. पण इथे एक गोची आहे, बऱ्याच फ्रेंच रिसॉर्टच्या लिफ्ट ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात कित्येक ठिकाणी ऑक्टोबरपर्यंत चालतात, म्हणून सप्टेंबरची ट्रिप असेल तर मी तिकडेच बघतो. जूनचा शेवटही चालतो, फक्त वरच्या ट्रेलवर बर्फाचे पट्टे राहिलेले असू शकतात आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी ट्रेलवरूनच वाहत असतं.

आणि इव्हेंटचं कॅलेंडर बघितल्याशिवाय तिकीट काढू नका, ही चूक मी केलीय. पोर्त द्यु सोलेईमध्ये जूनच्या शेवटी पास-पोर्त होतो, सुमारे ८० किलोमीटरचा फेरफटका, हजारो बाईकवाले एकाच वेळी. आल्प द्युएझला जुलैत मेगाव्हॅलान्श, १९९५ पासूनची शर्यत, ३,३०० मीटरवरून बर्फातून सगळे एकदम सुटतात. बघायला भारी, भाग घ्यायचा तर त्याहून भारी, पण शांततेच्या शोधात निघालेल्या माणसाने त्या आठवड्यात वोजानीलाही जाऊ नये. व्हिसलरला २००४ पासून क्रँकवर्क्स हा माउंटन बाईकचा महोत्सव भरतो, तेव्हाही तेच. या इव्हेंटच्या तारखा कळल्या की त्यांच्या पुढचा आठवडा पकडायचा.

दक्षिण गोलार्धात सगळं उलटं, न्यूझीलंडला जायचं तर उन्हाळा डिसेंबर ते मार्च.

घरबसल्या तपास

आता हिवाळ्याच्या नकाशाबद्दल. स्कीचा नकाशा बघून "बापरे, ४० लिफ्ट" म्हणून हुरळून जाऊ नका. उन्हाळ्यात त्यातल्या चार चालू असतात, त्यातल्या दोन बाईक घेतात, आणि छोट्या रिसॉर्टमध्ये त्या दोनपैकी एक फक्त ठरावीक वारांना चालते. रिसॉर्टच्या वेबसाइटवर उन्हाळ्याचं टाइमटेबल असतं, बहुतेक वेळा कुठेतरी कोपऱ्यात लपवलेली पीडीएफ फाइल. ती शोधा आणि चार गोष्टी लिहून घ्या, कुठली लिफ्ट बाईक घेते, कुठल्या वारी चालते, दुपारी बंद होते का, आणि शेवटची वर कितीला जाते. शिवाय रिसॉर्टवाले जुन्या लिफ्ट काढून नव्या बसवायचं काम उन्हाळ्यातच करतात, तेव्हा यंदा कुठली मुख्य लिफ्ट कामासाठी बंद नाही ना हेही बघा. एकदा मी पोचलो तर लिफ्टच्या जागी खांबांचा पाया खणलेला होता, वेबसाइटवर ती सूचना होती, वाचली मीच नव्हती.

लिफ्टचा प्रकारही बघा. आठ जणांच्या गोंडोलात आठ बाईक मावत नाहीत, बऱ्याच ठिकाणी दोन किंवा तीनच. चेअरलिफ्टवर बाईक हुकाला लटकवायची असेल तर बाईकवाली खुर्ची एकाआड एक असते. म्हणजे लिफ्टची तासाला इतकी माणसं ही जी क्षमता लिहिलेली असते ती चालत जाणाऱ्यांची, बाईकवाल्यांसाठी ती कितीतरी कमी. एकच जुनी चेअरलिफ्ट असलेल्या छोट्या जागीसुद्धा शनिवारी रांग लागू शकते ती यामुळेच.

मग ट्रेलफोर्क्स हे ट्रेलच्या नकाशांचं अ‍ॅप उघडा. तिथे ट्रेलचा रंग बघायच्या आधी शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे ते बघा. या सीझनमध्ये कोणीतरी "झाड पडलंय" एवढं जरी लिहिलं असेल तरी चांगलं लक्षण, कोणीतरी जातंय. शेवटचा रिपोर्ट दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर तो ट्रेल आता गवतात असायची शक्यता धरा. स्ट्राव्हा या अ‍ॅपचा हीटमॅपही (लोक कुठून जास्त जातात ते दाखवणारा नकाशा) कामाचा, तिथे मोठ्या रिसॉर्टच्या रेघा झगझगीत दिसतात, आपल्याला हव्यात त्या बारीक पण सलग रेघा. मध्येच तुटलेली रेघ म्हणजे एकतर लोक तिथून परत फिरतात, नाहीतर तिथे बाईकला बंदी आहे.

वेबकॅम हा माझा आवडता उद्योग. जवळपास सगळ्या रिसॉर्टचे असतात, लिफ्टच्या खालच्या स्टेशनकडे तोंड असलेला एखादा शोधा आणि ज्या आठवड्यात जायचंय त्याच्या आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी दहा-साडेदहाला बघा. एवढं आधी नियोजन कोण करतं म्हणाल तर ठीक आहे, यंदाच्याच एखाद्या शनिवारी बघा. रांग दिसते. पार्किंग दिसतं. काही ठिकाणी जुने फोटोही साठवलेले असतात, तारीख टाकून मागे जाता येतं.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र गावातल्या बाईकच्या दुकानाला एक ईमेल. गर्दी असते का असं विचारू नका, कोण हो म्हणेल. विचारायचं ते हे: तुमचं दुकान कुठल्या वारी बंद असतं, ट्रेलची देखभाल कोण करतं आणि शेवटची कधी केली, आणि तुम्ही स्वतः सुट्टीच्या दिवशी कुठल्या ट्रेलवर जाता. तिसऱ्या प्रश्नाला लोक मनापासून उत्तर देतात, मला एकाने हाताने काढलेला नकाशा स्कॅन करून पाठवला होता. आणि उत्तरच आलं नाही तर तेही उत्तरच समजा.

ट्रेल आणि नियम

कमी वर्दळीच्या ट्रेलचा एक मोठा फायदा म्हणजे ब्रेकिंग बंप्स नसतात. प्रसिद्ध पार्कमध्ये ऑगस्टपर्यंत प्रत्येक वळणाच्या आधी ब्रेक मारून मारून जमिनीची जी ओळीने उंचवट्यांची वॉशबोर्ड होते ती हातांची पूर्ण वाट लावते. शांत जागी ट्रेल मऊ, पण त्याची दुसरी बाजू म्हणजे वादळात पडलेलं झाड आठवडाभर तसंच असू शकतं, तेही नेमकं आंधळ्या वळणामागे. म्हणून अनोळखी शांत ट्रेलवर पहिला रन कायम हळू, थांबत थांबत.

रंगांवर डोळे झाकून भरवसा नको. युरोपात हिरवा, निळा, लाल, काळा अशी चढती भाजणी, उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा डायमंड. पण एका रिसॉर्टचा निळा दुसऱ्याकडचा लाल असतो. छोट्या जागी तर बाईक पार्कचे बांधलेले ट्रेल दोन-तीनच आणि बाकी सगळ्या जुन्या पायवाटा, त्यांना रंगच नसतो. जर्मन बोलणाऱ्या भागात पायवाटांसाठी एस-० ते एस-५ असं माप वापरतात, ते जास्त नेमकं आहे. एस-१ पर्यंत बेसिक कंट्रोल असलेला कोणीही जातो, एस-२ ला मोठी मुळं, सुटे दगड आणि पायऱ्या येतात, एस-४ पासून पुढे मागचं चाक उचलून वळवता येत नसेल तर बाईक खांद्यावर.

पायवाटा म्हटलं की नियम आले, आणि ते देशागणिक बदलतात, हे जायच्या आधी वाचाच. ऑस्ट्रियात १९७५ च्या वन कायद्यानुसार जंगलात चालायला मुभा आहे पण सायकलला नाही, परवानगी असलेल्या आखीव मार्गावरच चालवायची. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालत नाही, म्हणजे सगळे मजेचे ट्रेल बादच, खास परवानगी असलेले सोडून. फ्रान्समध्ये व्हानोज आणि एक्रां या राष्ट्रीय उद्यानांच्या गाभ्यात मोजके मार्ग सोडले तर बाईकला मनाई, आणि नेमकी तिथली आजूबाजूची गावं शांत असतात, त्यामुळे नकाशावर सुंदर दिसणारी वाट बंद असू शकते. स्विस नॅशनल पार्कमध्येही बंदीच. अमेरिकेत ज्याला विल्डरनेस म्हणून दर्जा आहे तिथे सायकल नाहीच. याउलट स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागलात तर जवळपास कुठेही जायला हक्क दिलाय, आणि स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन भागात, दाव्होस वगैरे, चालणारे आणि बाईकवाले एकच वाट वाटून घेतात. मला हा दाव्होसचा प्रकार आवडतो, पण तिथे बाईकला घंटी लावा आणि चालणारा दिसला की वेग मोडा, त्यांच्यामुळेच ती वाट आपल्यासाठी खुली आहे.

फ्रेंच आल्प्सच्या शांत कुरणांवर अजून एक प्रकरण भेटतं, पातू. मेंढ्यांच्या कळपाबरोबर असणारा भलामोठा पांढरा राखणदार कुत्रा. लांबून मेंढ्या दिसल्या की पाटी शोधा, आणि कुत्रा धावत आला तर पेडल मारून पळायचा मोह आवरा, तो त्याहून जोरात पळतो. बाईकवरून उतरायचं, बाईक आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची, ओरडायचं नाही, काठी-दगड उचलायचा नाही, आणि कळपाला लांबून वळसा घालून चालत जायचं. तो येऊन वास घेतो, खात्री करतो की तुम्ही लांडगा नाही, आणि जातो. पहिल्या वेळेला पाय लटपटतात हे खरं.

शांततेबरोबर येणारा खर्च

दुकान छोटं म्हणजे सुटे भाग कमी. मी आता ब्रेक पॅडचे दोन जोड नेतो, मेटल वाले, कारण लांब उतारावर रेझिनचे पॅड तापून लवकर संपतात आणि पावसात चिखल-वाळू लागली तर एक-दोन दिवसांतच. मागच्या डिरेल्यूरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, स्वतःच्या बाईकचाच न्या, तो प्रत्येक बाईकला वेगळा लागतो, २०१९ नंतर आलेला युनिव्हर्सल हँगर असेल तर मात्र कुठल्याही बऱ्या दुकानात मिळेल. ब्रेकचं ऑइल कुठलं लागतं ते पाठ करा, शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट फ्लुइड, घाईत एकाचं दुसऱ्यात गेलं तर सील फुगतात आणि ब्रेक खलास. बाईक भाड्याने घेणार असाल तर साइज आधी राखून ठेवा, छोट्या दुकानात एल साइजच्या दोनच बाईक असतात आणि त्या तुमच्या आधी पोचलेल्या जोडप्याने नेलेल्या असतात. ई-बाईक असेल तर भाड्यानेच घ्यावी लागेल, १६० वॅट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि ई-बाईकच्या बॅटऱ्या त्याच्या तिप्पट-चौपट असतात.

टायरची हवा वर पोचल्यावर भरा. समुद्रसपाटीला २५ पीएसआय भरलेलं टायर २,००० मीटरवर साधारण २८ दाखवतं, कारण बाहेरचा दाब सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेला असतो. तीन पीएसआयने मुळांवर पकड किती बदलते ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. त्याच कमी दाबामुळे पहिले दोन दिवस तुम्हालाही धाप लागणार आहे, फिटनेस गेला म्हणून रडू नका.

मदत उशिरा पोचते, हे मनात धरून चला. गजबजलेल्या पार्कमध्ये गस्तीपथक असतं, पडलात तर पाच मिनिटांत मागून कोणीतरी येतंच. शांत पायवाटेवर तासभर कोणी येणार नाही आणि फोनला रेंजही नसेल. युरोपात ११२, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरसाठी रेगाचा १४१४. रेंज नसेल तर शिट्टी, मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत सहा, हा डोंगरातला मदतीचा ठरलेला इशारा आहे, रात्री टॉर्चनेही तेच. विमा घेताना "सायकलिंग" लिहिलंय म्हणून गप्प बसू नका, लिफ्टने वर जाऊन डाउनहिल करणं आणि हेलिकॉप्टरने उचलून आणणं हे दोन्ही त्यात येतं का ते लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसीत हेच नेमकं वगळलेलं असतं. एकट्याने जाताना हॉटेलच्या काउंटरवर कुठला ट्रेल आणि किती वाजेपर्यंत परत, एवढी चिठ्ठी ठेवा.

आणि काठावरच्या गावात राहणाऱ्यांची एक खास अडचण, जी मी सगळं व्यवस्थित ठरवूनही भोगलीय. सकाळी आपल्या शांत गावातून वर गेलो, शिखर ओलांडून पलीकडच्या मोठ्या रिसॉर्टच्या बाजूला उतरलो, दिवसभर तिकडचे ट्रेल केले, आणि परत यायला जी जोडणारी लिफ्ट ती पावणेपाचला बंद. मी पोचलो चार वाजून पन्नास मिनिटांनी. खुर्च्या हलत होत्या, पण रिकाम्या, आणि आतल्या माणसाने नुसती मान हलवली. हवाई अंतर सहा-सात किलोमीटर असेल, रस्त्याने पूर्ण डोंगराला वळसा, बस तासापूर्वीच गेलेली, आणि मोठी बाईक घ्यायला टॅक्सीवाला तयार होईना. शेवटी पुढचं चाक काढून, बाईक त्याच्या मागच्या सीटवर माझ्या चिखलाच्या जॅकेटवर आडवी घालून निघालो, पूर्ण रस्ता तो आरशातून सीटकडे बघत होता. त्या दिवसापासून ट्रिपच्या पहिल्या सकाळी लिफ्टच्या खिडकीवरचं टाइमटेबल मी फोटो काढून फोनचं वॉलपेपर करतो, जोडणाऱ्या लिफ्टच्या वेळेच्या एक तास आधीचा अलार्म लावतो, आणि तो वाजला की कितीही भारी ट्रेल चालू असला तरी पुढचा रन घराच्या दिशेनेच.